उत्तर मिळते

आमच्या इमारतीच्या रहिवासी समितीचा मी चिटणीस आहे. हे पद कोणी मागून घेत नाही. वार्षिक सभेला दहा मिनिटं उशिरा पोहोचलं की ते मिळतं. पाच वर्षांपूर्वी मी तसा पोहोचलो, आणि तेव्हापासून सभेला कोणीही उशीर करत नाही.

चिटणीसाचं मुख्य काम नोटिसा लिहिणं. त्यासाठी जिन्याखाली समितीची खोली आहे. तिच्यात एक टेबल, चार खुर्च्या, एक कपाट आणि एक संगणक. कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे असते आणि कपाटात काय आहे ते त्यांनाही आठवत नाही. संगणकातल्या लिहिण्याच्या प्रोग्रॅमची मुदत संपली होती. दर दोन ओळींनी पडद्याच्या मधोमध एक चौकट उभी राहायची आणि मुदत वाढवून घ्या म्हणायची. ‘शनिवारी टाकी धुण्याचे काम असल्यामुळे’ एवढं लिहून झालं की चौकट आलीच. ती घालवेपर्यंत पुढचं काय ते मी विसरून जायचो. एकदा अशाच नोटिशीत टाकी धुणार एवढं छापलं गेलं, पाणी किती वाजता बंद ते राहून गेलं. त्या शनिवारी साबण लावलेल्या अवस्थेतल्या तीन सभ्य गृहस्थांची बोलणी मी दाराच्या फटीतून ऐकून घेतली.

तेव्हा सूनबाई म्हणाली, “बाबा, मी तुम्हाला दुसरा प्रोग्रॅम घालून देते.”

सूनबाई पूर्वी याच कामात होती. मग नात झाली, नातीच्या छातीचं दुखणं झालं, मग आमच्या हिचा गुडघा झाला. मुलगा कामासाठी कायम बाहेरगावी. असं करत सात वर्षं गेली. आता तिला पुन्हा नोकरी करायची होती, पण जाईल तिथे एकच प्रश्न यायचा: गेल्या दोन वर्षांत काय केलंत ते दाखवा. तिनं गेल्या दोन वर्षांत काय केलं हे आम्हा घरातल्यांना पुरेपूर माहीत होतं, पण त्यातलं काहीही दाखवण्यासारखं नव्हतं.

तिनं घातलेल्या प्रोग्रॅमचं नाव ‘दौत’. नावावरूनच मला तो सज्जन वाटला. अध्यक्षांना वाटला नाही.

“कोणी दिला?” त्यांनी विचारलं.

“कोणी एकानं नाही, काका,” सूनबाई म्हणाली. “ठिकठिकाणची माणसं मिळून बनवतात. आतली सगळी मांडणी उघडी असते. कोणीही वाचावी, बदलावी, सुधारली तर परत सगळ्यांना द्यावी.”

“उघडी? मग कोणी चोरून नेलं तर?”

“चोरणार काय? ते देऊनच टाकलंय.”

अध्यक्ष बराच वेळ त्या विधानाभोवती फिरून आले. “देऊन टाकलंय तर पोच कुठाय?” ते म्हणाले.

मला मात्र ते चटकन पटलं. मी कीर्तनं ऐकून वाढलेला माणूस. बुवा आख्यान लावतात ते त्यांच्या मालकीचं थोडंच असतं? ऐकणाऱ्यानं ते घरी न्यावं, आपल्या चालीत म्हणावं, जमलं तर पदरचा एखादा दृष्टांत घालावा आणि कोणी विचारलंच तर कुणाकडून ऐकलं ते नीट सांगावं. सांगणाऱ्याचं त्यात काही कमी होत नाही. एवढी सोपी गोष्ट संगणकवाल्यांना सुचायला इतका वेळ का लागला, हाच प्रश्न. मी अध्यक्षांना हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण इतिवृत्तात लिहा की मी विचारलं होतं.

दौतीत चौकट येत नव्हती. एकच खोट होती. नोटीस कितीही आखूड असो, छापताना तिची शेवटची ओळ दुसऱ्या कागदावर जायची. शेवटची ओळ म्हणजे माझं नाव आणि खाली ‘चिटणीस’. फळ्यावर जागा एकाच कागदाची. त्यामुळे तीन आठवडे इमारतीत निनावी नोटिसा लागत होत्या आणि लोक त्या नेहमीपेक्षा गांभीर्यानं वाचत होते. हे मला जरा लागलं.

सूनबाईनं मांडणी उघडून पाहिली. चार दुपारी ती त्यात डोकं घालून बसली होती आणि पाचव्या दुपारी तिला कारण सापडलं. अकरा ओळींची दुरुस्ती लिहून तिनं ती दौतवाल्यांकडे पाठवली. आलेल्या दुरुस्त्या पाहून आत घेणारा एक राखणदार तिथे असतो. आमच्या राखणदाराच्या नावापुढे बगळ्याचं चित्र होतं, म्हणून घरात आम्ही त्याला बगळेबुवा म्हणू लागलो. बगळेबुवांनी कळवलं की काम चांगलं दिसतंय; पण नियम असा की तीन परक्या माणसांनी आपापल्या संगणकावर तपासून पाहायला हवं, आणि सध्या सगळे कामात आहेत.

इकडे एका कंपनीनं सूनबाईला बरोबर दोन आठवड्यांनी, सोमवारी मुलाखतीला बोलावलं होतं. तोवर दुरुस्ती दौतीत स्वीकारली गेली, तर तिच्या नावासकट ती कोणालाही दिसणार होती. नाही गेली, तर पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तेच हात हलवत परत येणं.

मी स्वस्थ बसायला हवं होतं. पण आपल्या हातात नोटीस काढण्याची सत्ता असताना स्वस्थ बसणं अवघड जातं. मी विचार केला, दौत वापरणारी माणसं वाढली, त्यांनी अडचणी कळवल्या, तर तिकडच्यांचं लक्ष इकडे जाईल. म्हणून मी फळ्यावर लावलं:

‘समितीने दौत हा खुला प्रोग्रॅम स्वीकारला आहे. तो आपणा सर्वांचा आहे. कोणीही संकोच करू नये. सर्व तक्रारी समितीच्या संगणकावर येऊन दौतीच्या तक्रार-पानावर नोंदवाव्यात. उत्तर मिळते.’

घात केला तो शेवटच्या दोन शब्दांनी. आमच्या इमारतीत जिन्याच्या कठड्याला दोरीनं बांधलेली एक तक्रारवही आहे. तिला नऊ वर्षं झाली. तिच्यात उत्तर असं एकच आहे, ‘पाहिले’, आणि तेही कोणी लिहिलं ते कळत नाही. अशा ठिकाणी उत्तर मिळतं म्हटल्यावर लोकांनी काय करावं?

पहिल्या आल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका बाई. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्या खोलीत शिरल्या की आपण आपोआप ताठ बसतो. मी त्यांना तक्रार-पान उघडून दिलं. त्यावर तीन प्रश्न होते: तुम्ही काय केलंत? काय व्हावं अशी तुमची अपेक्षा होती? प्रत्यक्षात काय झालं?

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“काय झालं, बाई?”

“काही नाही. माझी अपेक्षा काय होती, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.”

मग त्यांनी दीड पान लिहिलं. मला वाटलं, अक्षर लहान दिसतं वगैरे असेल. ते लिफ्टबद्दल होतं.

हे मी तेव्हाच वाचलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण दुसऱ्याची तक्रार वाचू नये हा संस्कार, शिवाय मला पंप बंद करायला जायचं होतं. आठ दिवस माणसं येत राहिली, जिन्यावर रांग लागत राहिली, आणि दौत इतकी लोकप्रिय झाली याचा मला अभिमान वाटत राहिला.

दौतीच्या पानावर कोणत्याही भाषेत लिहिलं तरी खाली यंत्र आपोआप भाषांतर करून ठेवतं. त्या भाषांतरानं सुरुवातीला आमची बाजू सांभाळली. ‘वरून खाली पाणी झिरपते’ हे तिकडच्यांनी एका ओळीतला मजकूर खालच्या ओळीत झिरपतो असं घेतलं, आणि दोघा जणांनी आपला रविवार घालवून शोध केला. शोधता शोधता तशी एक चूक त्यांना खरोखरच सापडली, असं नंतर समजलं. अध्यक्षांनी न्हाणीघरातल्या गळत्या नळाबद्दल लिहिलं होतं. त्यांना उलट प्रश्न आला: आवृत्ती कोणती? अध्यक्षांनी इमारतीच्या बांधकामाचं साल आणि नंतरच्या दोन डागडुज्या तारखेनिशी कळवल्या. त्यावर बगळेबुवांनी लिहिलं, ‘आमच्याकडे असे घडताना दिसत नाही.’

पुढे सगळं उघडकीला आल्यावर अध्यक्ष हे उत्तर छापून घेऊन माझ्याकडे आले. “त्याच्याकडे कसं घडेल? नळ माझा आहे.”

दुसऱ्या मजल्यावरच्या घड्याळजींनी लिहिलं होतं की डोक्यावर खुर्ची ओढली जाते आणि चिमट्यातला स्क्रू उडून सापडेनासा होतो. त्यांच्या बरोबर वर राहणाऱ्या निवृत्त बसचालकांनी, म्हणजे आमच्या चालककाकांनी, लिहिलं होतं की खालून छताला काठीचे ठोसे बसतात. या दोघांत चार वर्षं बोलणं नव्हतं. जिन्यात समोरासमोर आले की एक जण चपलेचा पट्टा नीट करायचा. बगळेबुवांनी दोन्ही तक्रारी वाचून शेरा मारला की या एकाच दोषाच्या दोन बाजू दिसतात, आणि त्या जोडून एक करून टाकल्या. झालं. आता दोघांना एकाच पानावर लिहावं लागे. पहिल्या दिवशी घड्याळजींनी वेळा दिल्या. दुसऱ्या दिवशी चालककाकांनी त्या वेळा मान्य करून खुर्चीचं वजन दिलं. चार वर्षांत झाला नव्हता एवढा संवाद चार दिवसांत झाला, तोही परमुलखातल्या एका बगळ्याच्या साक्षीनं.

मंगळवारी सकाळी सूनबाईनं आपल्या संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. बगळेबुवांचा निरोप होता. ‘आपल्या खात्यावरून आठ दिवसांत त्रेचाळीस तक्रारी आल्या आहेत. त्यांचा दौतीशी संबंध दिसत नाही. त्यातल्या दोन एकमेकींशी भांडत आहेत. हा उपद्रव समजून खाते गोठवले आहे. आपली दुरुस्तीही थांबवली आहे.’

समितीच्या संगणकावर दौत घालताना तिनं आपलं खातं उघडलं होतं, आणि ते तसंच उघडं राहिलं होतं. सगळ्या इमारतीनं आपलं मन तिच्या नावानं मोकळं केलं होतं.

सूनबाई चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “खातं बंद करायला मीच विसरले, बाबा. चूक माझी.” आणि गॅलरीत धुणं वाळत घालायला गेली. नातीचा एवढासा मोजा, पण तिनं त्याला तीन चिमटे लावले.

आमची ही भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “पाच वर्षांत तुमच्या नोटिशीनं कधी काही घडलं नाही. घडलं ते हे.”

मुलाखतीला सहा दिवस उरले होते. मी अध्यक्षांकडे गेलो आणि नोटीस मागे घेतो म्हणालो. ते म्हणाले, नोटीस अशी मागे घेता येत नाही. शुद्धिपत्रक काढावं लागतं, आणि ते सात दिवस फळ्यावर राहिल्याशिवाय लागू होत नाही.

“अध्यक्ष, मुलाखत सोमवारी आहे. घरचा प्रश्न आहे.”

“म्हणूनच नियम पाळायचा. उद्या लोक म्हणतील, चिटणीसाच्या सुनेसाठी वाकवला.”

“पण नियम वाकवल्याचं कळणार कोणाला?”

“मी लिहून ठेवीन ना,” अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या प्रामाणिकपणाला तोड नाही, आणि इलाजही नाही.

बगळेबुवांच्या निरोपाखाली आणखी एक ओळ होती: जबाबदार व्यक्तीनं पानावर खुलासा करावा, आणि या तक्रारी खऱ्या माणसांच्या असतील तर त्यांनी स्वतःच्या खात्यावरून तसं सांगावं. मी घरी बसून खुलासा लिहिला. खात्यासाठी माझं नाव टाकलं, तर ते आधीच कोणीतरी घेतलेलं होतं. मला माझंच नाव आणि पुढे सत्तावीस असं सुचवण्यात आलं. माझ्यासारखे आणखी सव्वीस जण जगात आहेत आणि सगळे माझ्याआधी पोहोचले, हे स्वीकारून मी पुढे गेलो. खुलासा तीन पानांचा झाला. आधी माणसाला ऐकलं जाण्याची तहान कशी असते याचा पूर्वरंग, मग इमारतीचं आख्यान, मग तात्पर्य. लिहिताना माझा मलाच गहिवर आला.

सूनबाईनं तो वाचला आणि म्हणाली, “बाबा, ‘नोटीस मी लावली, लोकांना वाटलं सगळ्याच तक्रारी इथे करायच्या, चूक माझी’ एवढं पुरे.”

“आणि पूर्वरंग?”

“तो असू दे आपल्याकडे.”

तेवढी एकच ओळ पाठवली. मग मी घरोघर तक्रारी मागे घ्या म्हणून सांगत निघालो. पहिलं दार मुख्याध्यापिका बाईंचं.

“मी लिहिलं ते खरं की खोटं?” बाईंनी विचारलं.

“खरं.”

“मग मागे कशाला घ्यायचं?”

“बाई, ते सगळं सूनबाईच्या नावावर पडलंय.”

बाई उठून उभ्या राहिल्या. “म्हणजे मी लिहिलेलं दीड पान तिच्या नावावर? अपेक्षेसकट?”

मला हे आधी सुचायला हवं होतं. आमच्या लोकांना तक्रार मागे घ्या म्हटलं तर ते जागचे हलत नाहीत. पण तुमची तक्रार दुसऱ्याच्या नावावर गेली म्हटलं की चप्पल न घालता निघतात. गुरुवारी दुपारपर्यंत अकरा जणांनी स्वतःची खाती उघडली आणि आपापल्या तक्रारीखाली ‘ही माझी आहे’ असं ठासून लिहिलं. अध्यक्षांनी तारीख आणि वेळही घातली.

संध्याकाळी बगळेबुवांचं उत्तर आलं. ‘आता लक्षात आले. आपण खरी माणसे आहात. खाते मोकळे केले आहे. नळाबद्दल वाईट वाटते.’ आणि खाली: ‘एवढी माणसे हाताशी आहेत, तर त्यांतली तीन ती दुरुस्ती तपासून का पाहत नाहीत? नातेवाईक चालणार नाहीत.’

मी शनिवारी सकाळी मुख्याध्यापिका बाई, घड्याळजी आणि चालककाका यांना आमच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. तिघांकडे संगणक आणि छपाईयंत्र होतं, म्हणून ते तिघे. सूनबाईला हिनं मुद्दाम नातीबरोबर बाहेर पाठवलं होतं. मी सांगितलं, “घरी जाऊन दुरुस्ती घातलेली नवी दौत उघडायची, एक नोटीस छापायची आणि पानावर ‘ठीक आहे’ लिहायचं.”

“न तपासता?” बाई म्हणाल्या.

“तपासा ना. तपासा आणि मग ठीक आहे लिहा.”

परीक्षेआधी उत्तरं घेऊन आलेल्या मुलाकडे पाहावं तसं बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि तिघेही निघून गेले.

एका तासानं बाईंनी मला बोलावून घेतलं. टेबलावर कागद ओळीनं मांडले होते. “एक पान: ओळ जागेवर. दोन पानं: जागेवर. तीन: जागेवर.” मी सुटकेचा श्वास सोडणार तोच त्यांनी चौथा गठ्ठा पुढे सरकवला. “पाच पानं छापली. सहावा कागद बाहेर आला. कोरा.”

“कोराच ना? वाणसामानाची यादी लिहायला होतो.”

“मी तो मागितला नव्हता. मी हे लिहिणार.”

“बाई, परवा तिची मुलाखत आहे.”

“म्हणूनच. चुकीचं काम पुढे ढकललं तर ते मुलाखतीपुढे जाऊन उभं राहील.”

मी वर घड्याळजींकडे धावलो. त्यांनी कोऱ्या कागदाची वेळ सेकंदात टिपून ठेवली होती. चालककाका तिथेच, घड्याळजींच्याच खुर्चीवर बसले होते. “माझ्याकडेही आला,” ते म्हणाले. “आम्ही दोघांनी पडताळून पाहिलं.” ‘आम्ही दोघांनी’ हा शब्दप्रयोग त्या खोलीत कधी ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं. दुसरी कोणतीही वेळ असती तर मी थांबून आनंद व्यक्त केला असता.

दुपारी बारा वाजता तिघांनी पानावर लिहिलं: दोष आहे. तिघांनी तीन खात्यांवरून, शेजाऱ्याचं नातं जराही मध्ये न आणता.

हे सूनबाईला कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत मी जिन्यात तीन वेळा थांबलो. दार उघडलं तर ती परत आलेली होती आणि जेवणाच्या टेबलाशी संगणक घेऊन बसली होती. तिनं ते वाचलं होतं. मला वाटलं होतं तसा तिचा चेहरा नव्हता.

“बाबा, बघा तरी. पाच पानांपर्यंत नेऊन पाहिलं कोणीतरी. घड्याळजींनी तर सेकंद दिलेत.”

“अगं, पण दोष काढलाय.”

“तेच तर. सात वर्षांत माझ्या कामातली चूक कोणी काढलीच नव्हती.”

मी हळूच म्हणालो, “या घरात तर रोज...”

“ती वेगळी,” ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

ही उठली आणि नातीला घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. जाताना तिनं मलाही खुणेनं उठवलं. त्या दुपारी आमच्या घरात कुकरसुद्धा लावला गेला नाही. चार वाजता सूनबाईला एक राहिलेली ओळ सापडली. पाच वाजता दुरुस्तीची दुरुस्ती पाठवली गेली. रविवारी सकाळी तिघांनी पुन्हा तपासलं. बाईंनी या खेपेला नऊ पानं छापली. नववं बाहेर आल्यावर त्या यंत्रासमोर पूर्ण पाच मिनिटं उभ्या राहिल्या, दहावं येतं का ते पाहत. आलं नाही. मग त्यांनी पानावर लिहिलं, ‘सुधारणा समाधानकारक’. बाईंच्या हातून हा शेरा किती दुर्मिळ होता, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारावं. जेवणाआधी बगळेबुवांनी दुरुस्ती आत घेतली.

सोमवारी सूनबाई सकाळी दहाला गेली. आम्ही वाट पाहत नव्हतो. ही सगळा वेळ दाराजवळची एकच खिडकी पुसत होती आणि मी वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होतो. ती पाचला आली, चपला काढल्या, पाणी प्यायली.

“घेतलं,” ती म्हणाली. “पहिल्या तारखेपासून या म्हणाले.”

ही खिडकी सोडून खाली बसली. नात टाळ्या वाजवू लागली; कशाबद्दल ते तिला माहीत नव्हतं.

“त्या अकरा ओळींवर पुष्कळ विचारलं असेल,” मी म्हणालो.

“बारा. पाच मिनिटं विचारलं. बाकी सगळा वेळ ते त्रेचाळीस तक्रारी वाचत होते. मोठ्यानं. नळाचं प्रकरण दोनदा वाचलं.”

“मग?”

“मग म्हणाले, काम तर येतंच आहे तुम्हाला. पण आमच्याकडे माणसं अडून बसतात, ऐकून घेत नाहीत, विचारलं एक तर सांगतात भलतंच. अशांशी वागायचा अनुभव आहे का?”

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, घरीच सराव होतो.”

ही हसली. हसून झाल्यावर मला बघून पुन्हा हसली. त्या उत्तरात ही स्वतःही येत होती, हे तिच्या लक्षात आलं नसावं, आणि मी ते आणून दिलं नाही.

सूनबाई आत जाऊन सगळ्यांचा चहा करून घेऊन आली. आनंदात साखर घालायची राहिली होती. मी एक घोट घेतला, कपाकडे पाहिलं आणि म्हणालो, छान झालाय.